रिलीज निघाली, टिक हिरवी, चॅनेलवर मात्र काहीच नाही

तक्रार साधारण अशी असते. व्हर्जन निघालं, गिटहबवर (कोड ठेवायची जागा) रिलीज दिसतेय, ॲक्शन्सच्या (गिटहबची आपोआप कामं करणारी सोय) पानावर हिरवी टिक आहे, पण टीमच्या चॅनेलवर रिलीज नोट्सचा पत्ता नाही. कुणीतरी हाताने मजकूर चिकटवतं आणि विषय तेवढ्यावर मिटतो. पुढच्या रिलीजला परत तेच. कधी त्याच नोट्स तीनदा येऊन पडतात, मग चॅनेल म्यूट करणाऱ्यांना आयतं निमित्त मिळतं.

आमचं सॉफ्टवेअर आडत दुकानांच्या बिलिंगचं. डेव्हलपर छत्रपती संभाजीनगरला, सपोर्टची पोरं लातूर, नांदेड, परभणीला. सोयाबीनची आवक जोरात असताना लातूरच्या मोंढ्यात आडत्यानं पट्टी काढली आणि तोलाई हमालीपासून वेगळ्या ओळीत दिसली, की फोन थेट सपोर्टला: "भाऊ, पट्टीला काय केलंय तुम्ही? शेतकरी समोर उभाय." सपोर्टवाल्यानं ती ओळ सकाळीच चॅनेलवर वाचलेली असेल तर दोन मिनिटांचं काम. नसेल तर तो आम्हाला फोन लावणार, आम्ही कोड उघडणार, तिकडं रांग वाढणार. म्हणून आमच्या नोट्स मराठीत असतात, आणि म्हणूनच त्या कुणाच्या आठवणीवर न राहता आपोआप जाव्या लागतात.

हा बिघाड परत परत येतो, कारण तो बहुतेक वेळा भलत्याच जागी दुरुस्त केला जातो. मेसेज आला नाही की सगळे आधी वेबहुक (चॅनेलवर मेसेज टाकायचा खास पत्ता) बदलतात. रिलीजपासून चॅनेलपर्यंत तीन टप्पे आहेत: इव्हेंट (गिटहबवर काहीतरी घडल्याची खूण) उठला का, जॉबनं (त्यावर चालणाऱ्या कामानं) पाठवलं का, चॅटनं (स्लॅक, टीम्स, टेलिग्राम वगैरे) स्वीकारलं का. हिरवी टिक फक्त मधल्या टप्प्याबद्दल बोलते, आणि तेही अर्धवट. त्यामुळे आधी गाडी कुठं अडली ते बघायचं, मग पाना हातात घ्यायचा.

रनच लागलेला नाही

ॲक्शन्सच्या यादीत त्या टॅगचा (व्हर्जनच्या खुणेचा) रनच, म्हणजे काम चालल्याची नोंदच नसेल, तर वेबहुक आणि चॅनेलच्या परवानग्या यांच्याकडे बघूही नका. इव्हेंटच उठलेला नाही.

सगळ्यात जास्त सापडणारं कारण असं: रिलीज दुसऱ्या एका वर्कफ्लोनं (ॲक्शन्सच्या कामांची लिहून ठेवलेली यादी) काढलेली असते, आणि गिटहब प्रत्येक रनला जे टोकन (किल्लीसारखा परवाना) आपसूक देतं तेच वापरून काढलेली असते. त्या टोकनानं केलेल्या कामातून नवा वर्कफ्लो सुटत नाही. हा नियम मुद्दाम ठेवलेला आहे, नाहीतर एक वर्कफ्लो दुसऱ्याला उठवणार, दुसरा पहिल्याला, आणि हे थांबायचंच नाही. अपवाद दोनच, वर्कफ्लो डिस्पॅच आणि रिपॉझिटरी डिस्पॅच (वर्कफ्लो मुद्दाम सुरू करायचे इव्हेंट). गंमत अशी की तपासायला बसलेला माणूस ब्राउझरमधून हातानं रिलीज काढतो. ती त्याच्या स्वतःच्या खात्यावर निघते, इव्हेंट उठतो, मेसेज येतो. "चालतंय की, कामून ओरडता?" असं म्हणून तो तिकीट बंद करतो. पुढची रिलीज पाइपलाइनमधून निघते आणि परत शांतता.

यावर दोन उपाय आहेत. एक, रिलीज काढणाऱ्या स्टेपला वेगळं टोकन द्यायचं, कुणाचं वैयक्तिक किंवा गिटहब ॲपचं. दोन, इव्हेंटच्या भानगडीतच पडायचं नाही: ज्या वर्कफ्लोत रिलीज निघते त्यातच तिच्यावर अवलंबून असलेला दुसरा जॉब ठेवायचा आणि त्यानं चॅनेलवर टाकायचं. माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं आहे. वैयक्तिक टोकन माणसाबरोबर जातं, त्याला मुदत असते, आणि ती मुदत नेमकी दिवाळीच्या सुट्टीत संपते.

इव्हेंटवरच राहायचं असेल तर प्रकार नीट निवडा. ड्राफ्ट साठवल्यावर काही उठत नाही, ती प्रसिद्ध केल्यावरच उठतं. प्री-रिलीज ड्राफ्टमधून प्रसिद्ध केली तर 'प्रीरिलीज्ड' हा प्रकार उठत नाही, 'पब्लिश्ड' उठतो. 'रिलीज्ड' फक्त पक्क्या रिलीजला. सपोर्टला बीटा कळायची गरज नसेल तर 'रिलीज्ड' ठेवा, सगळंच हवं असेल तर 'पब्लिश्ड'. दोन्ही एकत्र ठेवू नका, त्याचं कारण पुढं येतंय.

एक खाचखळगा फार कमी जणांना माहीत असतो. रिलीजच्या इव्हेंटवर चालणारा वर्कफ्लो मेन ब्रँचवरून (कोडच्या मुख्य फांदीवरून) घेतला जात नाही, तो टॅग ज्या कमिटवर (कोडच्या नोंदवलेल्या बदलावर) आहे तिथली फाइल चालते. जुन्या ग्राहकासाठी जुन्या ब्रँचवरून छोटी दुरुस्ती काढली आणि त्या ब्रँचवर नोट्सची फाइल कधी गेलीच नव्हती, तर काहीच होणार नाही. याचंच दुसरं टोक म्हणजे री-रन. मेनवर दुरुस्ती केली आणि जुना रन परत चालवला, तर तो त्याच जुन्या कमिटवर, जुन्याच फाइलनं चालतो. तुमची दुरुस्ती त्याला दिसतच नाही. "फिक्स करूनही तेच येतंय" या वाक्यामागं बऱ्याचदा एवढंच असतं.

टॅग पुश झाल्यावर (गिटहबवर पाठवल्यावर) चालणारा वर्कफ्लो असेल तर एकाच वेळी तीनपेक्षा जास्त टॅग पुश करू नका, गिटहब तेव्हा त्या टॅगांचे इव्हेंट तयारच करत नाही. आणि रनर (जॉब प्रत्यक्ष चालवणारा) तुमच्याच ऑफिसातल्या मशीनवर असेल तर ते मशीन चालू आहे का हे आधी बघा. आपल्याकडं दुपारची लाइट गेली, इन्व्हर्टर दमला, की जॉब रांगेत उभा राहतो, आणि २४ तास रनर मिळाला नाही तर फेल होतो. नोट्स टाकण्याचा जॉब गिटहबच्या रनरवर ठेवायला काही अडचण नसते, त्याला ऑफिसातल्या कुठल्याच फाइलची गरज नसते.

रन लागला, टिकही हिरवी, मेसेज नाही

इथं दोषी बहुधा कर्ल (वेबहुकला मजकूर पाठवणारी कमांड) असतो, म्हणजे खरं तर त्याची सवय. कर्लच्या दृष्टीनं सर्व्हरकडून काहीतरी उत्तर आलं म्हणजे काम झालं. ते उत्तर ४०० असो की ४०४ (दोन्ही चूक झाल्याचे कोड), तो शून्य, म्हणजे 'सगळं ठीक', परत करतो आणि स्टेप हिरवी होते. त्याला 'फेल विथ बॉडी' हा पर्याय द्या (७.७६ व्हर्जनपासून आहे), म्हणजे चूक आली तर स्टेप लाल होईल आणि सर्व्हर काय म्हणाला तेही लॉगमध्ये दिसेल. नुसता 'फेल' दिला तर लाल होतं, पण कारण गिळलं जातं, आणि आपल्याला कारणच तर हवंय.

एवढं केलं की स्लॅकचा वेबहुक बरंच काही स्पष्ट सांगतो. 'नो सर्व्हिस' म्हणजे वेबहुक बंद झालाय, काढून टाकलाय किंवा पत्ता चुकलाय. 'चॅनेल इज आर्काइव्ह्ड' म्हणजे कुणीतरी आवराआवर केलीय. 'इनव्हॅलिड पेलोड' म्हणजे जेसन (मजकूर पाठवायची ठरावीक मांडणी) फाटलाय, त्यावर पुढं सविस्तर. पण वेबहुकऐवजी बॉट टोकनानं मेसेज पाठवत असाल तर हेही पुरत नाही. स्लॅकची ती एपीआय (प्रोग्रामसाठीचं दार) मेसेज नाकारतानाही २०० चाच, म्हणजे 'ठीक' असाच, स्टेटस देते, आणि खरी गोष्ट उत्तराच्या आत असते: 'ओके' फॉल्स, शेजारी कारण, उदाहरणार्थ 'नॉट इन चॅनेल'. बॉटला त्या चॅनेलवर बोलावलेलंच नाही, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा उत्तर जेक्यूनं (जेसन वाचणारं आणि बनवणारं साधन) उघडून 'ओके' ट्रू आहे का हे तपासा आणि नसेल तर स्टेप मुद्दाम पाडा.

टीम्सला तिच्याच 'वर्कफ्लोज'मधून (हे गिटहबचे वर्कफ्लो नव्हेत) पाठवत असाल तर २०२ येतं. त्याचा अर्थ "घेतलं, बघतो". मेसेज चॅनेलवर पडला असं तो म्हणतच नाही. पुढची कथा पॉवर ऑटोमेटच्या (हे वर्कफ्लोज चालवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) रन हिस्टरीत वाचायची. टेलिग्राम त्या मानानं सरळ आहे. चूक असेल तर चुकीचाच स्टेटस देतं आणि कारण साध्या वाक्यात सांगतं.

सीक्रेट (वेबहुकचा पत्ता किंवा टोकन लपवून ठेवायची जागा) रिकामं असण्याची शक्यताही तपासा. ते एन्व्हायर्न्मेंटखाली (सीक्रेटांचा वेगळा गट) ठेवलं असेल आणि जॉबमध्ये त्या एन्व्हायर्न्मेंटचं नाव लिहिलेलं नसेल, तर वर्कफ्लो तक्रार न करता रिकामी ओळ पुढं ढकलतो. लॉगमध्ये सीक्रेटची किंमत छापायला जाऊ नका, फक्त ती रिकामी आहे का एवढं विचारा.

मराठी नोट्स फाटतात, अर्ध्यात तुटतात, नाहीतर चांदण्या दाखवतात

इंग्रजी नोट्सना तीन वर्षं न आलेला त्रास मराठी नोट्सना पहिल्या महिन्यात येतो. आणि तो प्रत्येक रिलीजला येत नाही, मजकुरावर ठरतो. त्यामुळेच तो पकडायला चिवट.

पहिली गोष्ट जेसनची. रिलीजचा मजकूर शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळीत सरळ घुसडला, तर त्यातलं पहिलंच अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ जेसन फाडते. 'पट्टीवर "उचल" असा नवा रकाना' असं लिहिलं की संपलं. बॅकटिक (उलटं एकेरी अवतरणचिन्ह) तर त्याहून धोक्याचा. दुहेरी अवतरणात बॅकटिकमधला मजकूर शेल कमांड समजून चालवायला जातो, म्हणजे नोट्स लिहिणारा माणूस नकळत तुमच्या रनरवर कमांड देतोय. इलाज एकच. मजकूर आधी एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये घ्यायचा आणि जेसन हातानं न जोडता जेक्यूकडून बनवून घ्यायचा, मजकूर त्याला आर्ग्युमेंट म्हणून देऊन. अवतरणं, नव्या ओळी, विंडोजवरून आलेली ओळीच्या शेवटची जादा अक्षरं, सगळं तो सांभाळतो.

दुसरी गोष्ट लांबीची. 'लातूर' या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशोबात ती पाच, कारण काना आणि उकार वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) प्रत्येकाचे तीन बाइट, म्हणजे पंधरा. आणि पायथॉननं जेसन बनवला तर तो मुळात देवनागरी ठेवतच नाही, प्रत्येकाच्या जागी सहा अक्षरांचा कोड लिहितो: तीस बाइट. शब्द तोच. टीम्सच्या वेबहुकला मेसेजची मर्यादा २८ केबी. शुद्ध देवनागरी धरली तर यूटीएफ-८ मध्ये साधारण साडेनऊ हजार चिन्हं बसतात, पायथॉनच्या मूळ पद्धतीनं पावणेपाच हजारांच्या आसपास. म्हणजे मराठी नोट्स निम्म्यावरच भिंतीला धडकतात. पायथॉनमध्ये जेसन बनवताना 'एन्शुअर आस्की' फॉल्स करा, एवढ्या एका बदलानं जागा दुप्पट होते.

इतरांच्या मर्यादा बाइटमध्ये नाहीत, चिन्हांमध्ये आहेत: टेलिग्राम ४०९६, डिस्कॉर्डचा साधा मेसेज २०००, स्लॅकच्या एका सेक्शन ब्लॉकमध्ये ३००० आणि हेडर ब्लॉकमध्ये १५०. स्लॅकमध्ये एका जरी ब्लॉकनं मर्यादा ओलांडली तर अख्खा मेसेज नाकारला जातो. छोट्या रिलीज व्यवस्थित जाणार आणि हंगामाआधीची मोठी, जिची सगळ्यांना वाट आहे तीच अडकणार, हे यामुळंच.

मग लोक मजकूर कापतात, आणि कापणंही मराठीत अवघड. बाइट मोजून कापलं (शेलमधली 'हेड' कमांड 'सी' पर्यायासह तेच करते) तर शेवटच्या अक्षराचा तुकडा पडतो आणि प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दिसतो, किंवा जेसनच नाकारला जातो. चिन्हं मोजून कापलं तर जोडाक्षर मधून तुटतं: 'क्षेत्र'मधला 'क्ष' जाऊन लंगडा 'क्' उरतो. जोडाक्षरं ओळखणाऱ्या लायब्ररीच्या नादी लागू नका. शेवटच्या पूर्ण ओळीवर कापा. नोट्समध्ये प्रत्येक बदल स्वतःच्या ओळीवर असतोच. मर्यादेच्या बरंच आधी थांबा आणि खाली पूर्ण रिलीजची लिंक द्या. आम्ही त्याही पुढं जाऊन नोट्सच्या सुरुवातीला 'सपोर्टसाठी' असा छोटा भाग लिहितो आणि चॅनेलवर तेवढाच टाकतो. डेटाबेसचं मायग्रेशन कसं केलं हे परभणीच्या पोराला वाचायची गरज नाही.

तिसरी गोष्ट सजावटीची. गिटहबचं मार्कडाउन (चिन्हांनी मजकूर सजवायची पद्धत) आणि स्लॅकचं मार्कअप सारखं नाही. गिटहबवर ठळक करायला दोन चांदण्या, स्लॅकला एक. हॅशनं केलेलं शीर्षक स्लॅकच्या त्या मार्कअपमध्ये नाहीच, हॅश तसाच दिसतो. लिंकची पद्धत वेगळी. शिवाय अँड आणि लहान-मोठ्याची चिन्हं सुटी ठेवली की स्लॅक त्यांचा भलताच अर्थ लावतो, म्हणून "वजन ५० किलोपेक्षा कमी" हे चिन्हानं न लिहिता शब्दांत लिहिलेलं बरं. आणि खास आपली अडचण म्हणजे विभक्ती प्रत्यय. गिटहबवर 'हमाली' ठळक करून त्याला 'चा' जोडला तर चालतं. स्लॅकला ठळक शब्दानंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवं असतं. प्रत्यय चिकटला की बऱ्याचदा ठळक होत नाही आणि चांदण्या उघड्या पडतात. प्रत्ययासकट अख्खा शब्द ठळक करा, म्हणजे सुटलात. स्लॅकनं अलीकडं नेहमीचं मार्कडाउन घेणारा वेगळा ब्लॉक दिलाय, नवीन काही बांधत असाल तर तोच घ्या.

टेलिग्रामच्या 'मार्कडाउन व्ही-टू' पद्धतीत टिंब, वजाचं चिन्ह, कंस, उद्गारचिन्ह, सगळ्यांपुढं बॅकस्लॅश लागतो. एक जरी सुटला तर पूर्ण मेसेज परत. व्हर्जन नंबरात दोन टिंबं असतातच, तेव्हा अपयश पहिल्या ओळीतच बसलेलं आहे. तिथं एचटीएमएल पद्धत वापरा, फक्त तीन चिन्हं सांभाळावी लागतात.

टेलिग्रामच का, व्हॉट्सॲपवर सगळे असताना, हे आम्हाला दर काही दिवसांनी कुणीतरी विचारतं. व्हॉट्सॲपच्या साध्या ग्रुपला असा वेबहुक नाही, आणि आडवाटेनं बॉट घुसवला तर नंबर बंद होण्याची भीती. सपोर्टचा नंबर मोंढ्यातल्या दुकानादुकानात भिंतीवर लिहिलेला असताना तो खेळ कुणी करू नये.

मेसेज आला, पण आत काहीच नाही

नोट्स गिटच्या इतिहासातून बनत असतील तर चेकआउट स्टेप (कोड रनरवर आणणारी) बघा. ती मुळात फक्त शेवटचा एक कमिट आणते, टॅग आणत नाही. मागचा टॅगच सापडत नाही, मग यादी कुठून येणार? 'फेच डेप्थ' शून्य करा. गिटहबच्या आपोआप बनणाऱ्या नोट्स वापरत असाल तर लक्षात ठेवा, त्या मर्ज झालेल्या पुल रिक्वेस्टवरून (तपासून मुख्य कोडात घेतलेल्या बदलांवरून) बनतात. घाईत मेनवर सरळ पुश केलेला बदल त्यात येत नाही.

एकाच रिलीजचे दोन-तीन मेसेज

रिलीज इव्हेंटला प्रकार लिहिलाच नसेल तर सगळे प्रकार लागू होतात, आणि ड्राफ्टशिवाय काढलेल्या एका पक्क्या रिलीजला 'क्रिएटेड', 'पब्लिश्ड', 'रिलीज्ड' असे तीन रन लागतात. तीन मेसेज म्हणजे जवळपास नेहमी हेच. दोन असतील तर चॅनेलवर गिटहबचं स्वतःचं ॲपही रिलीजसाठी सबस्क्राइब केलेलं आहे का ते बघा. कुणीतरी कधीतरी केलेलं असतं आणि विसरलेलं असतं.

उरलेले दुहेरी मेसेज री-रनमधून येतात. पाठवण्याचा जॉब वेगळा ठेवा आणि पूर्ण रन परत न चालवता 'फक्त फेल झालेले जॉब' चालवा. कर्लला रिट्राय (परत प्रयत्न) दिला असेल तर तो ४२९ ('फार वेळा पाठवलं') आल्यावर सर्व्हरनं सांगितलेली वेळ थांबतो, हे चांगलं. पण टाइमआउट झाला तर मेसेज पोहोचला की नाही हे त्यालाही कळत नाही आणि तो परत पाठवतो. एखादा दुहेरी मेसेज मला परवडतो, न आलेला परवडत नाही, म्हणून आम्ही रिट्राय ठेवलाय.

महिनोन्‌महिने चाललं, मग अचानक बंद

इथं कोड कुणी बदललेला नसतो, म्हणून सगळे चक्रावतात. टेलिग्रामचा साधा ग्रुप सुपरग्रुप झाला की त्याचा आयडी बदलतो. उत्तरात नवा आयडी दिलेला असतो, तो सीक्रेटमध्ये भरा. वेबहुकचा पत्ता सार्वजनिक रिपॉझिटरीत कधी चुकून गेला असेल तर स्लॅक असे पत्ते शोधून रद्द करतं, तेव्हा नवा बनवा आणि सीक्रेटमध्येच ठेवा. टीम्समध्ये जुने ऑफिस ३६५ कनेक्टर बंद करण्याची घोषणा मायक्रोसॉफ्टनं २०२४ च्या जुलैमध्येच केली. त्यांच्यावर उभं असलेलं सगळं वर्कफ्लोजकडं न्यायचं आहे. आणि वर्कफ्लोजमधला फ्लो एका माणसाच्या नावावर असतो. तो नोकरी सोडून पुण्याला गेला की फ्लो पोरका होतो, म्हणून आधीच दुसरा सहमालक जोडून ठेवा.

जॉब फेल झाला तर गिटहब ईमेल पाठवतं, पण ज्यानं रन सुरू केला त्याला. रिलीज बॉटच्या खात्यावरून निघत असेल तर ती मेल बॉटच्या पेटीत जाते, आणि ती पेटी कुणी उघडत नाही. म्हणून शेवटी आणखी एक स्टेप ठेवा, जी फक्त मागचं काही फेल झालं तरच चालते. ती त्याच चॅनेलवर ओरडायला जाऊ नये, कारण बिघडलेलं तेच आहे. तिनं रिपॉझिटरीत एक इश्यू (तक्रारीची नोंद) उघडावा, त्या आठवड्यात रिलीज बघणाऱ्या माणसाच्या नावावर टाकावा, आणि सर्व्हरचं उत्तर जसंच्या तसं त्यात चिकटवावं.